मधलं बरोबरचं चिन्ह

शाळेत माझी एक दोनशेपानी वही होती. प्रत्येक पानावर पट्टीने मधोमध रेघ, डावीकडे इंग्रजी म्हण, उजवीकडे मराठी म्हण आणि मध्ये बरोबरचं चिन्ह. बाई फळ्यावर लिहायच्या, आम्ही उतरवून घ्यायचो. 'अ बॅड वर्कमन ब्लेम्स हिज टूल्स' बरोबर 'नाचता येईना अंगण वाकडे'. 'एम्प्टी व्हेसल्स मेक द मोस्ट नॉइज' बरोबर 'उथळ पाण्याला खळखळाट फार'. परीक्षेत 'जोड्या लावा'ला याच म्हणी यायच्या. पाचपैकी पाच मार्क ठरलेले. पण त्यातली एकही म्हण माझ्या तोंडून बोलण्यात कधी आली नाही. मला वाटतं, वर्गातल्या कुणाच्याच आली नसेल.

गेली चौदा वर्षं मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. वर्ग संध्याकाळचा, आठवड्यातून दोनदा, दीड तासाचा. येणारे सगळे दिवसभराचं काम उरकून आलेले असतात. सध्याच्या तुकडीत शिवणकाम करणाऱ्या एक ताई आहेत, एक वायरमन आहे, ऑफिसात मेल लिहायची वेळ आली की हात आखडतो असे तिघंजण आहेत, निवृत्त झालेले एक काका आहेत आणि परदेशातल्या नातवंडांशी बोलता यावं म्हणून येणाऱ्या एक काकू आहेत. शिकणं आणि काम या विषयावरच्या म्हणी मी या वर्गात दरवर्षी घेते. त्या जुन्या वहीतूनच घेते, फक्त मधलं बरोबरचं चिन्ह पुसून.

म्हणीच का, हे आधी सांगते. वयाने मोठ्या माणसाला नवी भाषा शिकताना व्याकरणापेक्षा जास्त बोचतं ते दुसरंच काहीतरी. आपण एकदम लहान मूल होऊन बसतो. वीस माणसांना कामाला लावणारा गृहस्थ वर्गात येऊन 'धिस इज माय पेन' म्हणतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते मी अनेकदा पाहिलं आहे. त्याला जे कळतं आणि त्याला जे बोलता येतं, त्यात केवढं तरी अंतर पडलेलं असतं. म्हणीचं तसं नाही. म्हणीतली गोष्ट त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत असते. अडलेले असतात ते फक्त चार शब्द. वाक्य कळायच्या आधी अर्थ कळलेला असतो, आणि मग तो शब्दांना घाबरत नाही.

पहिल्या दिवशी मी एकच म्हण लिहिते, 'मेनी हॅन्ड्स मेक लाइट वर्क'. यंदा वायरमननेच आधी हात वर केला आणि अर्थ सांगितला, 'पुष्कळ हात लागले की लाइटचं काम होतं.' त्याच्या धंद्यात लाइट म्हणजे लाइटच. आणि तो चुकीचं काय बोलला? पाइपातून वायर ओढायची तर एकजण ओढणारा लागतो आणि दुसऱ्या टोकाला एकजण सोडणारा, हे त्याने हाताने करून दाखवलं. मग मी म्हटलं, लाइट म्हणजे हलकंसुद्धा. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, 'मग तर आणखीच बरोबर.' एका शब्दाचे दोन अर्थ शिकवायला मी एरवी अर्धा फळा भरला असता. इथे तो शब्द त्याच्या हातात होता.

त्याच म्हणीशेजारी मी मग 'प्रॅक्टिस मेक्स परफेक्ट' लिहिते आणि काही न बोलता बाजूला उभी राहते. एका ठिकाणी 'मेक', दुसऱ्या ठिकाणी 'मेक्स'. का? हँड्स अनेक आहेत, प्रॅक्टिस एक आहे. वर्तमानकाळात 'आय' आणि 'यू' सोडून कर्ता एकटा असला की क्रियापदाला तो 'स' लागतो. मराठी माणसाकडून सर्वांत जास्त निसटतो तो हाच 'स', कारण आपल्याकडे क्रियापदाचं रूप बदलतं ते वेगळ्या तऱ्हेने, आणि शेवटी 'स' येतो तो 'तू करतोस'मध्ये, 'तो करतो'मध्ये नाही. नियम म्हणून मी हा शंभरदा सांगितला असेल. पण 'प्रॅक्टिस मेक परफेक्ट' असं म्हणून बघा, म्हण लंगडते. तो लंगडेपणा कानाला कळायला लागला की पुढचं काम सोपं.

तिसरी गोष्टही त्याच म्हणीत आहे, 'वर्क'. आपल्या मराठीत कामं मोजता येतात. आज माझी दोन कामं आहेत, त्यातलं एक झालं. म्हणून वर्गात सर्रास 'आय हॅव टू वर्क्स' ऐकू येतं. इंग्रजीत 'वर्क' पाण्यासारखं आहे, मोजता येत नाही. मोजायचं तर 'जॉब' म्हणा, 'टास्क' म्हणा, 'थिंग्ज टु डू' म्हणा. म्हणीत हात अनेक आहेत आणि काम मात्र एकवचनात, पुढे 'अ' नाही, मागे 'स' नाही. हे त्यांना दाखवलं की वही उघडून आधीची वाक्यं आपणहून खोडतात.

ही म्हण जॉन हेवुडच्या पुस्तकात आहे, हेही मी सांगते. हेवुड हा सोळाव्या शतकातला इंग्रज नाटककार. १५४६ साली त्याचं प्रचलित म्हणी पद्यात गुंफलेलं पुस्तक निघालं. 'रोम वॉज नॉट बिल्ट इन अ डे', 'मेक हे व्हाइल द सन शाइन्स', घोड्याला पाण्यापर्यंत नेता येतं पण पाणी पाजता येत नाही, हे सगळं थोड्या वेगळ्या शब्दांत त्यात आहे. तारखेपेक्षा मला त्यातलं स्पेलिंग दाखवायचं असतं. आजच्या 'वर्क'मध्ये जिथे ओ आहे तिथे त्यात ए आहे आणि शेवटी एक जादा ई. त्या काळी इंग्रजांचंसुद्धा स्पेलिंग पक्कं झालेलं नव्हतं, एकच शब्द दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. हे ऐकल्यावर निवृत्त काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, 'म्हणजे मी चारशे वर्षं उशिरा जन्मलो.' स्पेलिंगपायी शाळेत त्यांनी फार मार खाल्ला होता, हे मला त्या दिवशी कळलं.

मार खाण्यावरून सांगते. 'स्पेअर द रॉड अँड स्पॉइल द चाइल्ड' आणि 'छडी लागे छमछम, विद्या येई घमघम' ही जोडी माझ्या वहीत होती. ती मी वर्गात घेत नाही. इंग्रजीच्या तासाला छडी खाल्लेली माणसं माझ्यासमोर बसलेली असतात, आणि छमछम झाल्यावर त्यांच्याकडे कुठली विद्या आली ते मी रोज बघते. त्यांच्याकडे भीती आली. चाळीस वर्षांनीसुद्धा वाचायला उभं केलं की तळहात मिटतात.

आता 'नाचता येईना'. या म्हणीवर मी एक अख्खा तास घालवते, कारण आमच्या वर्गाचं मोठं दुखणं त्या 'येईना'मध्ये आहे. मराठीत ज्ञान आपल्याकडे येतं. मला पोहता येतं, मला इंग्रजी येत नाही. करणारे आपण नसतोच, आपण नुसते 'मला' म्हणून बाजूला उभे. म्हणून नवीन माणूस वर्गात आला की पहिलं वाक्य असतं, 'इंग्लिश इज नॉट कमिंग टु मी.' त्यावर हसणारे खूप भेटतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. ते अगदी सरळ मराठी वाक्य आहे, इंग्रजी कपड्यातलं. इंग्रजीला मात्र करणारा पुढे लागतो, 'आय कान्ट स्पीक इंग्लिश', 'आय डोन्ट नो हाउ टु डान्स'. 'मला'चा 'मी' व्हायला हवा.

आणि तिथेच ते बरोबरचं चिन्ह हलायला लागतं. इंग्रजी म्हणीत माणसाला सरळ 'बॅड वर्कमन' म्हटलं आहे, शिक्का मारून मोकळे. मराठी म्हणीत नाचणारीला कुणी वाईट म्हटलेलं नाही. तिला अजून नाचता येत नाही, एवढंच. उद्या येईल. खोटेपणा आहे तो अंगणाला नाव ठेवण्यात. हा फरक मी समजावून सांगत होते, तर ऑफिसातल्यांपैकी एकजण म्हणाला, 'मॅडम, माझं दोन्ही आहे. मला येत नाही आणि अंगणपण वाकडं आहे. माझ्या कीबोर्डची तीन बटणं चालत नाहीत.' हे त्याने मराठीत सांगितलं. मी म्हटलं, इंग्रजीत सांगा. 'थ्री कीज आर नॉट वर्किंग.' बरोबर सांगितलं. 'वर्क' म्हणजे चालणंसुद्धा, हे त्याला कुठून तरी माहीत होतं, आणि कुठून ते त्यालाही आठवेना.

'प्रॅक्टिस मेक्स परफेक्ट'समोर माझ्या वहीत 'प्रयत्नांती परमेश्वर' होतं. मला ते पटत नाही. प्रयत्न एकदाही केलेला असू शकतो, प्रॅक्टिस एकदा करून होत नाही. त्यापेक्षा तुकोबांचं 'असाध्य ते साध्य करिता सायास, कारण अभ्यास तुका म्हणे' कितीतरी जवळचं. तुकोबांचा अभ्यास म्हणजे पुस्तक वाचणं नव्हे, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करत राहणं. आपण आज घरी करायला दिलेल्या पाठालाही अभ्यास म्हणतो आणि गवयाच्या मेहनतीलाही म्हणू शकतो. इंग्रजीत त्याचे दोन तुकडे होतात, 'स्टडी' आणि 'प्रॅक्टिस'. माझे विद्यार्थी घरी वही घेऊन बसतात आणि येऊन सांगतात की खूप अभ्यास केला, तरी बोलता येत नाही. त्यांनी स्टडी केलेली असते. बोलण्याची प्रॅक्टिस झालेली नसते, कारण बोलायला समोर कुणी नसतं. एका शब्दाने फसवलं म्हणा. हे समजल्यापासून मी 'अभ्यास करून या' म्हणणं सोडलं आहे. 'हे वाक्य तीन माणसांना म्हणून या' असं सांगते.

'अ स्टिच इन टाइम सेव्ह्ज नाइन'ला तर वहीत जोडीच नव्हती, उजवा रकाना कोरा होता. वर्गात ही म्हण लिहिली की पहिला प्रश्न ठरलेला, नऊ काय? नऊ रुपये, नऊ तास? शिवणकामवाल्या ताई कधी आपणहून बोलत नाहीत, त्या दिवशी बोलल्या. 'नऊ टाकेच असणार.' मग त्यांनी पायाशी ठेवलेली पिशवी मांडीवर घेतली. पिशवीचा बंद जिथे जोडलेला होता तिथली शिवण एका बाजूने सुटायला लागली होती. त्यांनी सुटलेल्या दोऱ्याचं टोक नखात धरून हलकेच ओढलं. एक टाका निघाला, त्यामागून दुसरा, तिसरा. आम्ही सगळे माना पुढे काढून बघत होतो. चौथ्यावर त्यांनी बोट दाबून दोरा अडवला आणि म्हणाल्या, 'वन स्टिच ओपन, नेक्स्ट स्टिच ओपन, ऑल ओपन. सो, फर्स्ट स्टिच, क्विक.' तीन महिन्यांतलं त्यांचं हे सर्वांत लांब बोलणं होतं. क्रियापद एकही नव्हतं, पण कळलं नाही असा एकही माणूस वर्गात नव्हता. दोन क्रियापदं मी नंतर घातली, 'ओपन्स' आणि 'डू'.

नऊच का, याचं उत्तर कानात आहे. 'टाइम' आणि 'नाइन' यांचा नाद जुळतो. टॉमस फुलरच्या १७३२ सालच्या संग्रहात ही म्हण 'मे सेव्ह नाइन' अशी आहे, म्हणजे 'वाचवेल कदाचित'. पुढे लोकांनी 'मे' टाकून दिलं आणि म्हण ठाम झाली. नादासाठी आपणही व्याकरण वाकवतोच की. 'थेंबे थेंबे तळे साचे' यातलं 'साचे' आज बोलताना कोण म्हणतं? आपण 'साचतं' म्हणतो. तरी म्हणीत 'साचतं' चालणार नाही. म्हणूनच 'नो पेन, नो गेन'मध्ये क्रियापद कुठे आहे असं कुणी विचारलं की मी त्यांना 'टाकीचे घाव'ऐवजी 'थेंबे थेंबे' आठवायला सांगते. नियम मोडायची परवानगी म्हणीला सगळीकडेच असते. तुम्ही मेलमध्ये मोडू नका, एवढंच.

तिसऱ्या आठवड्यात चिठ्ठ्या. प्रत्येक म्हणीचे दोन तुकडे करून वाटते, आपला जोडीदार शोधायचा. खरी मजा चुकलेल्या जोड्यांत येते. यंदा 'टू मेनी कुक्स' आणि 'मेक लाइट वर्क' हातात हात घालून उभे राहिले आणि हलायला तयार होईनात. त्यांचं म्हणणं, जास्त माणसं असली की काम हलकं होतंच. दुसऱ्या बाजूला 'स्पॉइल द ब्रॉथ'वाले, आचारी जास्त झाले की रस्सा बिघडतो म्हणणारे. मग वाद लागला. मराठीतही हा वाद आहेच. 'गाव करील ते राव काय करील' म्हणणारेही आपणच आणि 'बारभाईची शेती, काय लागेल हाती' म्हणणारेही आपणच. मी एवढंच केलं, फळ्यावर 'इट डिपेन्ड्स' लिहिलं आणि खाली बसले. वीस मिनिटं चाललं. 'इट डिपेन्ड्स ऑन द वर्क.' 'इट डिपेन्ड्स ऑन द बॉस.' चूक झाली तरी कुणी थांबत नव्हतं, कारण प्रत्येकाला आपलं म्हणणं खरं करायचं होतं. बोलण्याचे एवढे धडे मी घेतले, पण माणसं मधे न थांबता बोलली ती दोन म्हणी एकमेकींवर उलटल्या तेव्हा.

एका चिठ्ठीबद्दल मात्र मला लिहायलाच हवं. काही वर्षांपूर्वी यादी करताना मी 'यू कान्ट टीच ॲन ओल्ड डॉग न्यू ट्रिक्स' सहज टाकून दिली होती. चिठ्ठी गेली ती नेमकी तेव्हाच्या तुकडीतल्या साठी उलटलेल्या एका बाईंकडे. त्यांनी एकेक अक्षर लावून वाचली, अर्थ विचारला, मी सांगितला. त्यांनी चिठ्ठीची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. पुढचे दोन वर्ग त्या आल्या नाहीत. मी फोन केला आणि कुत्रा हा शब्द या इंग्रजी म्हणीत शिवी म्हणून येत नाही वगैरे समजावायला लागले. त्यांनी मला थांबवलं. 'कुत्रा म्हटलं म्हणून वाईट नाही वाटलं गं. खरं वाटलं म्हणून वाईट वाटलं.'

त्या रात्री मी ती म्हण शोधत बसले. सोळाव्या शतकातल्या शेतीवरच्या एका इंग्रजी पुस्तकात हा सल्ला सापडतो, आणि तो खरोखरच कुत्र्याबद्दल आहे. मेंढपाळाच्या कुत्र्याला पिल्लू असतानाच शिकवा, म्हातारा झाल्यावर अवघड जातं. बस. माणसाचं नावही नाही त्यात. धनगराच्या कामाची एक सूचना माणसांच्या अंगावर कधी आणि कशी घातली गेली, कोण जाणे. मी हे त्यांना फोनवर पुन्हा सांगितलं. त्या हो किंवा नाही काहीच बोलल्या नाहीत, पण पुढच्या वर्गाला आल्या. घडी केलेली चिठ्ठी त्यांनी पर्समधून काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि उभ्या राहूनच म्हणाल्या, 'आय डोन्ट अग्री. आय लर्न स्लो. बट आय लर्न.' तिथे 'स्लोली' हवं होतं. मी त्या दिवशी सुधारलं नाही, आणि तेच योग्य होतं असं मला आजही वाटतं.

ती चिठ्ठी मी यादीतून काढलेली नाही. पण आता ती शेवटी येते, आणि सोबत 'आय डोन्ट अग्री, बिकॉज...' असं अर्धं वाक्य लिहिलेला कागद देते. पुढचं ज्याचं त्याने पुरं करायचं.

मला विचारतात, इंग्रज लोक तरी आता या म्हणी बोलतात का? पूर्ण क्वचितच बोलतात. बहुतेक वेळा पहिला अर्धा भाग म्हणतात आणि सोडून देतात, 'वेल, टू मेनी कुक्स...' आणि खांदे उडवतात. उरलेलं समोरच्याने समजून घ्यायचं. आपणही 'नाचता येईना...' म्हणून थांबतोच. म्हणून मी वर्गाला सांगते, अर्ज, मेल, मुलाखत यांत म्हणी घालू नका. तिथे त्या पाठ केलेल्या वाटतात. पण समोरच्याने अर्धी टाकली तर उरलेली अर्धी तुमच्याकडे असायला हवी, नाहीतर सगळे मान डोलावत असताना आपण एकटेच बाहेर राहतो. ते बाहेर राहणं मी नोकरीच्या पहिल्या वर्षी पुरेपूर अनुभवलं आहे. मीटिंगमध्ये कुणीतरी 'व्हेन इन रोम' एवढंच म्हणालं, उरलेलं 'डू ॲज द रोमन्स डू' मला माहीत नव्हतं, आणि मी आपली रोमला कोण चाललंय याचा विचार करत राहिले.

येत्या मंगळवारी 'अ रोलिंग स्टोन गॅदर्स नो मॉस' घ्यायची आहे. शेवाळं हवं की नको, यावर गेल्या वर्षी वर्गाचे दोन तट पडले होते. एकाच जागी पंचवीस वर्षं नोकरी केलेले काका म्हणत होते, शेवाळं म्हणजे कमाई, जोडलेली माणसं, धोंडा गडगडत राहिला तर अंगाला काही लागणार नाही. म्हणीचा जुना अर्थ तोच आहे. चार नोकऱ्या बदललेली एक मुलगी म्हणत होती, शेवाळं म्हणजे गंज, हलत राहा. आज इंग्रजी बोलणारे पुष्कळ लोक तसाही अर्थ लावतात. या म्हणीच्या चिठ्ठ्या कापून झाल्या आहेत. शेवाळ्याला वर्गात दाखवायला काय न्यावं हे ठरत नव्हतं, तर काल कुंडीमागच्या विटेवर चांगलं हिरवंगार सापडलं. वीट ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली आहे.